खेळाडूचा सौदा होतो, प्रेक्षकाचा होत नाही

१) आजचा धागा थोडा लांब आहे. विषय वरवर पाहता परका वाटेल: लोकप्रिय खेळाडू एका संघाने दुसऱ्या संघाला दिला, तर त्याला पाहायला येणाऱ्या माणसांचे काय होते? अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने या प्रश्नावर शंभर वर्षे वाद चालू आहे. परंतु हा प्रश्न आपल्याकडे त्याहूनही आधी उभा राहिला होता आणि तो मैदानावर नव्हे, तर रंगभूमीवर. म्हणून आज रहिमतपुरात बसून त्याचा इतिहास पाहू, आणि शेवटी माझे मतही स्पष्ट सांगेन.

२) रहिमतपूरच का? पुणे–मिरज लोहमार्गावरचे, कमंडलू नदीकाठचे हे गाव. येथे ना मोठे स्टेडियम, ना कोणत्या लीगचा संघ. तरीही एप्रिल-मे महिन्यांत बाजारपेठेतून फेरी मारली, तर निळे, पिवळे, लाल असे सगळे सदरे दिसतात. मुंबई, चेन्नई, बंगळुरू यांपैकी एकही शहर या मुलांचे नाही. मग त्यांची निष्ठा कोणाशी? सदऱ्याच्या रंगाशी, की सदऱ्याच्या पाठीवर छापलेल्या नावाशी? सगळा वाद या एका प्रश्नात सामावलेला आहे.

३) आधी अमेरिकेतील प्रसिद्ध उदाहरण पाहू. १९१९ सालच्या डिसेंबरअखेर बोस्टन रेड सॉक्स या संघाने बेब रूथ हा आपला सर्वांत लोकप्रिय खेळाडू न्यू यॉर्क यांकीज संघाला विकला. किंमत एक लाख डॉलर, शिवाय बोस्टनच्या मालकाला वेगळे कर्ज. हा मालक, हॅरी फ्रेझी, मूळचा नाट्यनिर्माता होता. नाटकाच्या धंद्यातल्या माणसाने खेळातला ‘नट’ विकला, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

४) परिणाम आकड्यांत पाहा. १९१९मध्ये यांकीजच्या घरच्या सामन्यांना सुमारे ६ लाख १९ हजार प्रेक्षक आले होते. १९२०मध्ये ते १२ लाख ८९ हजारांवर गेले. एका वर्षात दुप्पट. बोस्टनचे काय झाले? येथेच बहुतेक लोकांचा अंदाज चुकतो. १९२०मध्ये बोस्टनची गर्दी फारशी घटली नाही. चार लाखांच्या आसपासच राहिली. घसरण झाली ती १९२१मध्ये, जेव्हा आकडा २ लाख ८० हजारांच्या घरात आला. प्रेक्षक त्या दिवशी उठून गेला नाही. तो वाट पाहत थांबला, आणि मालकाकडे त्याला देण्यासारखे काही उरलेले नाही हे कळल्यावर गेला. पुढे ते विजेतेपद बोस्टनला २००४पर्यंत मिळाले नाही.

५) आता घरी येऊ. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. पुढची तीस वर्षे ही संस्था म्हणजे मराठी संगीत नाटकाचे पीठच होते. अण्णासाहेब १८८५मध्ये गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले, तरी मंडळी टिकली. प्रेक्षक म्हणत, ‘किर्लोस्कर’ पाहायला चाललो आहोत. नटाचे नाव मागाहून येई. हीच संस्थेवरची निष्ठा.

६) १९०५मध्ये नारायण राजहंस या मंडळीत आले. सांगली जिल्ह्यातील नागठाण्याशी नाते असलेले हे बालगंधर्व. काही वर्षांतच चित्र पालटले. प्रेक्षक ‘किर्लोस्कर’ऐवजी ‘बालगंधर्व’ पाहायला जाऊ लागला. १९१३च्या जुलैमध्ये मंडळीच्या चालकांशी मतभेद होऊन बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. कंपनीचे नाव, नाटके, पडदे, तेहतीस वर्षांची पुण्याई हे सगळे मागे राहिले. प्रेक्षकांचा मोठा ओघ मात्र नव्या कंपनीकडे वळला.

७) किर्लोस्कर मंडळी त्या दिवशी बंद पडली नाही, हे बोस्टनसारखेच. तिने तरुण दीनानाथ मंगेशकरांना पुढे आणले आणि नवे आकर्षण निर्माण केले. म्हणजे लोकप्रिय माणूस गेल्यावर सावरण्याचा एक मार्ग असतो: घरातच दुसरा घडवणे. पण १९१८मध्ये दीनानाथही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले व बळवंत संगीत मंडळी निघाली. एकदा गेलेला प्रेक्षक परत आणता येतो. दुसऱ्यांदा गेलेला आणणे फार कठीण. किर्लोस्कर मंडळीला पूर्वीचे वैभव नंतर लाभले नाही.

८) याउलट गंधर्व मंडळी पाहा. टेंबे बाहेर पडले, पुढे बोडसही बाहेर पडले. कर्ज वाढत गेले. तरी प्रेक्षक बालगंधर्वांबरोबर राहिला. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन नायक एका रंगमंचावर, दोघांचे चाहते एकाच सभागृहात. कंपन्यांचे वैर प्रेक्षकाने क्षणभरात बाजूला ठेवले. कारण ते वैर कंपन्यांचे होते. प्रेक्षकाचे प्रेम माणसांवर होते.

९) रहिमतपूरचा धागा येथे जुळतो. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म १९२०मध्ये या गावी झाला. त्यांची नाटके रंगभूमीवर आली तेव्हा बिऱ्हाडासह गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांचा काळ संपला होता आणि नट प्रयोगागणिक ‘नाइट’ घेऊ लागला होता. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधील लाल्या या भूमिकांत काशिनाथ घाणेकर उभे राहिले की प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून जाई. निर्माता कोण, संस्था कोणती, हे विचारण्याची गरज प्रेक्षकाला उरली नव्हती. आजच्या लीगची मनोवृत्ती साठ वर्षांपूर्वीच तयार झाली होती, असे मला वाटते.

१०) आता क्रिकेटकडे वळू आणि सांगलीपासून सुरुवात करू. विजय हजारे यांचा जन्म १९१५चा, सांगलीचा. १९३९-४०च्या रणजी हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. त्यानंतर थोड्याच काळात ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले! १९४७च्या अंतिम सामन्यात त्यांनी होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागीदारी केली, तीही बडोद्यासाठीच. तरीही सांगलीने त्यांना परके मानले नाही. आजही ती त्यांना आपलेच मानते.

११) मग तेव्हा प्रेक्षकांचा संताप का झाला नाही? माझ्या मते कारण साधे आहे. संस्थानी संघाचा पोशिंदा राजा होता, तिकीट काढणारा नव्हे. खेळाडू नोकरीसाठी बडोद्याला किंवा इंदूरला जाई, जसा गवई दरबारात जाई. लोकांना त्यात आपली फसवणूक दिसत नसे, कारण त्या संघाने त्यांच्याकडे निष्ठा मागितलीच नव्हती. याची दुसरी बाजूही खरी. दरबार गेला तेव्हा संघही गेला. चार वेळा रणजी करंडक जिंकणारा होळकर संघ १९५०च्या दशकाच्या मध्यात इतिहासजमा झाला. प्रेक्षकांच्या मुळांवर न वाढलेले झाड आश्रयदात्याबरोबर उन्मळते.

१२) लीगने मात्र निष्ठा उघडपणे मागितली. २००८मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा मुंबईला सचिन, कोलकात्याला सौरव गांगुली, बंगळुरूला द्रविड असे शहराचे मानबिंदू दिले गेले. ‘हा तुमचा माणूस, म्हणून हा संघ तुमचा’ असा तो करार होता. कागदावर नसलेला, पण प्रत्येकाला समजलेला. २०११च्या जानेवारीत लिलावात कोलकात्याने गांगुलींवर बोली लावली नाही आणि त्या कराराला पहिला मोठा तडा गेला. लोक रस्त्यावर उतरले, आणि हंगामाच्या आरंभी ईडन गार्डन्सवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या.

१३) पुढचा अध्याय आपल्या पुण्याचा. त्याच हंगामात जखमी आशिष नेहराच्या जागी पुणे वॉरियर्सने गांगुलींना घेतले आणि २०१२मध्ये कर्णधार केले. ५ मे २०१२ रोजी पुण्याचा संघ ईडनवर उतरला तेव्हा अर्धे मैदान पाहुण्या संघाच्या कर्णधारासाठी ओरडत होते. कोलकाता ७ धावांनी जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस कोलकात्याने विजेतेपद मिळवले आणि विजयोत्सवाला ईडन ओसंडून वाहिले. म्हणजे संघ जिंकला तर प्रेक्षक परततो? हो, पण पुण्याचा हिशेबही पाहा. उसनवारीवर आणलेल्या दादांमुळे टाळ्या मिळाल्या, घर मिळाले नाही. संघ तळाला राहिला आणि २०१३नंतर लीगमध्ये दिसलाच नाही.

१४) पुण्याने दुसरा प्रयोग केला. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन हंगामांची बंदी आली आणि २०१६मध्ये धोनी पुण्याच्या नव्या संघात आला. २०१७च्या फेब्रुवारीत त्याचे कर्णधारपद काढले गेले. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. दोन वर्षांची मुदत संपली, संघ विसर्जित झाला. आज पुण्यात त्या संघाचे सदरे घालणारे किती दिसतात? अंतिम सामना एका धावेने हरलेला संघ इतक्या लवकर विस्मरणात जावा, हे पुरेसे बोलके आहे.

१५) आता त्याच गहुंजे मैदानावरचा २०१८चा एप्रिल आठवा. कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलवावे लागले. तेव्हा सुमारे हजारभर चाहत्यांना घेऊन एक विशेष रेल्वेगाडी चेन्नईहून पुण्याला आली. ‘व्हिसल पोडू एक्स्प्रेस’ हे तिचे नाव. दोन वर्षे संघच अस्तित्वात नव्हता, त्यावर डाग लागला होता, मैदान परक्या प्रांतात होते, तरी माणसे आली. कारण बंदीपूर्वीची आठ वर्षे त्या संघाने आपला मुख्य माणूस बदलला नव्हता. निष्ठा म्हणजे साठवलेले पाणी आहे. तळे वर्षानुवर्षे भरावे लागते, मग दुष्काळात ते उपयोगी पडते.

१६) आणि मुंबई. हार्दिक पंड्या २०१५ ते २०२१ मुंबईचाच होता. नंतर गुजरातचा कर्णधार झाला, २०२२चे विजेतेपद मिळवले. २०२३च्या नोव्हेंबरात रोख सौद्यात तो मुंबईकडे परत आला आणि डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार जाहीर झाला. रोहितने मुंबईला पाच विजेतेपदे दिली होती. समाजमाध्यमांवर संघाला सोडून जाणाऱ्यांची लाट उसळली. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर, आपल्याच घरच्या मैदानावर, नव्या कर्णधाराची हुर्यो उडवली गेली. चौदापैकी चार सामने जिंकून संघ तळाला राहिला.

१७) येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. वानखेडे ओस पडले नाही. हुर्यो उडवायलाही तिकीट काढावे लागते! म्हणून केवळ गर्दी मोजून निष्ठा कळत नाही. मालक तिकिटांचा गल्ला पाहतो आणि म्हणतो, ‘लोक येत आहेत, मग तक्रार कसली?’ बोस्टनच्या मालकालाही १९२०मध्ये असेच वाटले असेल. गर्दी ही सवयीने येते. सवय मोडायला वेळ लागतो, आणि मोडली की जाहिरातीने जुळत नाही.

१८) पण प्रेक्षकाचीही चूक सांगितली पाहिजे. कर्णधार बदलण्याचा निर्णय चालकांचा होता. राग निघाला खेळाडूवर. २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता, सदरा बदलला होता. त्या जयघोषात आनंद होता, तशी एक न बोललेली क्षमायाचनाही होती, असे मी मानतो.

१९) कोणी म्हणेल, मग खेळाडूंची अदलाबदल बंदच करावी काय? मुळीच नाही. बेसबॉलमध्ये जुना नियम असा होता की करार संपला तरी खेळाडू संघाच्याच मालकीचा. १९६९मध्ये कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला पाठवले जाण्यास नकार दिला आणि न्यायालयात गेला. १९७२मध्ये तो हरला, त्याची कारकीर्दही संपली. परंतु १९७५च्या अखेरीस लवादाने त्या नियमाचा कणा मोडला. चाहत्याच्या निष्ठेसाठी खेळाडूला दावणीला बांधणे हा न्याय नव्हे. बालगंधर्वांना किर्लोस्कर सोडण्याचा जितका हक्क होता, हजाऱ्यांना बडोद्याला जाण्याचा जितका हक्क होता, तितकाच आजच्या खेळाडूला आहे.

२०) म्हणून मी तीन गोष्टींत भेद करतो. खेळाडू स्वतः जातो, तेव्हा प्रेक्षक दुःखी होतो, पण समजून घेतो. खेळाडूला मालक विकतो, तेव्हा प्रेक्षक रागावतो, पण नवा माणूस घडवला तर परत येतो. आणि खेळाडूला घरात ठेवून त्याचा मान काढला जातो, तेव्हा प्रेक्षकाला तो स्वतःचा अपमान वाटतो. तिसरी जखम सर्वांत खोल. पैशांच्या हिशेबात या तिन्ही नोंदी एकाच रकान्यात पडतात. लोकांच्या मनात पडत नाहीत.

२१) आपल्या भागातले चित्र याहून वेगळे आणि अधिक गंभीर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला कबड्डीपटू सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडून गाजला आणि पुढच्याच लिलावात १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २०२३पासून बंगळुरूकडून खेळते. २०२४मध्ये तिने त्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. पुण्याचा ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार झाला. आपली माणसे सर्वत्र आहेत, आपला संघ मात्र आयपीएलमध्ये नाही. म्हणून आपली निष्ठा माणसामागे धावते, आणि माणूस दर लिलावाला पुढच्या स्थानकावर उतरतो.

२२) यात हानी कोणाची? मुलांची. गावातल्या मुलाला कोणता खेळाडू किती कोटींना गेला हे तोंडपाठ असते; महाराष्ट्राच्या रणजी संघातली पाच नावे त्याला सांगता येत नाहीत. गहुंजेला रणजी सामना असतो तेव्हा प्रवेशाची अडचण नसते, प्रेक्षकांची असते. ज्या संघाला कोणी विकू शकत नाही, जो आपल्या जिल्ह्यांतून वर आलेल्या मुलांनी बनतो, त्याच्याकडे आपण पाठ फिरवली. आणि ज्यांना विकता येते, त्यांच्यासाठी भांडत बसलो.

२३) माझे मत म्हणून इतकेच. संघमालकांनी तीन गोष्टी कराव्यात: निर्णय लपवून न ठेवता कारणासह सांगावा, जाणाऱ्या माणसाला घरच्या मैदानावर मानाने निरोप द्यावा, आणि त्याच्या जागी घरातला कोणी तयार करावा. प्रेक्षकानेही एक करावे: राग निर्णय घेणाऱ्यावर काढावा, खेळणाऱ्यावर नव्हे. आणि वर्षातून एक दिवस तरी गाडीत बसून अशा सामन्याला जावे, जेथे कोणाचीही किंमत लावलेली नसते.

२४) किर्लोस्कर मंडळी १९१३मध्ये एका नटाला मुकली, तिची खरी परीक्षा त्यानंतरची पाच वर्षे चालली. प्रत्येक संघाचे असेच असते. लोकप्रिय माणूस जाणे हा शेवट नसतो. त्यानंतर प्रेक्षकाशी कसे वागलो, त्यावर शेवट ठरतो.

धागा येथे संपला. आपल्या घरात बालगंधर्वांपासून रोहितपर्यंत कोणासाठी भांडणे झाली असतील, आजोबांनी कोणासाठी कंपनी बदलली असेल, तर ती आठवण खाली अवश्य लिहा.